सोंडेपलीकडचा नर: शेनंडोआ डोंगरातल्या एका टर्की-शिकारीचं प्रकरण

पहाटे पावणेसहाला त्याने पहिली साद घातली आणि मला लगेच कळलं की आपण चुकीच्या सोंडेवर बसलोय. आवाज समोरून येत होता. मधे खोल घळ, तळाशी ओढा. आदल्या संध्याकाळी हाच नर अलीकडच्या बाजूला ओरडला असं मी मावसभावाला अगदी छातीठोकपणे सांगितलं होतं. पुढच्या साडेचार तासांत काय घडलं आणि का घडलं, ते इथे तपशिलात मांडतोय. डोंगरातल्या टर्कीबद्दल मला आज जे कळतं त्यातलं निम्मं त्या एका सकाळी कळलं आहे.

जागा व्हर्जिनियातली. स्टॅन्टनहून पश्चिमेला निघालेला 250 नंबरचा रस्ता शेनंडोआ माउंटन नावाची लांबच लांब डोंगररांग ओलांडतो. त्या भागातलं जंगल जॉर्ज वॉशिंग्टन नॅशनल फॉरेस्टचं. शिकारीचा परवाना, टर्कीचा परवाना आणि नॅशनल फॉरेस्टचं परमिट घेतलं की कुणालाही तिथे जाता येतं. नेमकी घळ कोणती ते सांगत नाही. शिकारी माणसं तेवढं राखून ठेवतात, मीही ठेवणार आहे.

सह्याद्री पायाखालून घातलेल्या माणसाला हा डोंगर चटकन समजेल. बेसॉल्टचे उभे कडे मनातून काढून टाका, बाकी सगळं ओळखीचं आहे. मुख्य धार ईशान्येकडून नैऋत्येकडे मैलोन्मैल जाते. तिच्या अंगावरून सोंडा उतरतात, दोन सोंडांच्या मधे घळ, सोंडेच्या अर्ध्या उंचीवर कुठेतरी चालता येईल एवढा रुंद पदर, आणि धारेवर मधूनमधून खिंड. इथले लोक घळीला हॉलो म्हणतात, पदराला बेंच आणि खिंडीला सॅडल. कारवीच्या रानात घुसल्यावर जे हाल होतात तेच इथे माउंटन लॉरेलच्या जाळीत होतात. मी हे सगळं डोक्यात मराठीतच ठेवतो. नकाशावरच्या रेषा बघताना ‘पदर’ हा शब्द आठवला की जमीन डोळ्यांपुढे उभी राहते, ‘बेंच’ म्हटलं की राहत नाही.

थोडं या पक्ष्याबद्दल. थँक्सगिव्हिंगच्या सणाला ओव्हनमधून निघतो तो पाळीव टर्की जड छातीचा, जेमतेम उडणारा. रानटी टर्की सडसडीत, उंच, गडद तपकिरी, उन्हात तांब्यासारखा चमकणारा. गरज पडली तर ताशी 50 मैलांच्या आसपास वेगाने उडतो आणि रात्री झाडावर झोपतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो संपायलाच आला होता. जंगलं तोडली गेली होती, शिकारीला धरबंध नव्हता, आणि वर 1904 साली न्यूयॉर्कमध्ये लक्षात आलेल्या बुरशीने अर्धशतकाच्या आत ॲपलाशियनमधले चेस्टनट वृक्ष जवळपास सगळे मारले, म्हणजे डोंगरातलं त्याचं मोठं खाद्य गेलं. 1930 च्या दशकात देशभरात मिळून दोन लाखांच्या आसपास टर्की उरले होते. आज ते साठ लाखांच्या घरात आहेत. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून बघितले, ते जगले नाहीत. यश आलं ते रानातलेच पक्षी जाळ्याने पकडून दुसऱ्या रानात नेऊन सोडल्यावर. तोफेसारखं उडणारं जाळं टर्कीसाठी पहिल्यांदा यशस्वी झालं ते 1951 साली साउथ कॅरोलिनात. या कामाला पैसा पुरवला 1937 च्या कायद्याने. शिकारीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर 11 टक्के कर लागतो आणि तो वन्यजीवांच्या कामाला जातो. भारतात 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली ते योग्यच झालं असं मला आजही वाटतं. इथली व्यवस्था वेगळी आहे. ती समजून घ्यायला मला दोन वर्षं लागली, आणि समजल्यावरच मी बंदूक हातात घेतली.

आता त्या संध्याकाळकडे येतो, कारण पहिली चूक तिथेच झाली.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. सूर्य मावळताना आम्ही घळीच्या तोंडाशी, ओढ्याकाठच्या फॉरेस्ट रोडवर उभे होतो. टर्की झाडावर चढून बसले की नर एखाद्या मोठ्या आवाजाला दचकून साद देतो, म्हणून शिकारी घुबडाचा आवाज काढतात. मी काढला. उत्तर आलं, एकदाच, डावीकडून. भाऊ म्हणाला, “दादा, मला उजवीकडून वाटलं.” मी त्याचं ऐकलं नाही.

घळीच्या तळाशी उभं राहून दिशा ठरवणं हाच मूर्खपणा होता. ओढा सारखा खळखळत असतो, तो आवाजाची सुरुवात खाऊन टाकतो आणि कानावर येतो तो बराचसा प्रतिध्वनी. डावीकडची सोंड खडकाळ आणि उघडी, उजवीकडची झाडीची. उजवीकडच्या नराचा आवाज समोरच्या खडकावर आपटून माझ्याकडे आला असणार. शिवाय एप्रिलअखेर या डोंगरावर दोन ऋतू एकाच वेळी असतात. तळाशी पालवी फुटून पानं मोठी झालेली, आणि तीन हजार फुटांवर ओक अजून उघडेबोडके. वरचा आवाज मोकळा निघतो आणि खालच्या हिरवाईत बुजतो. पाचशे यार्डांवरचा नर मैलभर लांब वाटतो. ऐकायचं असेल तर धारेवर जाऊन ऐकायला हवं, दोन्ही सोंडा पायाशी ठेवून. ते चढायला तासभर लागला असता. आम्ही दमलो होतो, गेलो नाही.

तर पहाटे आम्ही डाव्या सोंडेवर, नर उजव्या सोंडेवर. चारशे यार्ड अंतर, उंची जवळजवळ सारखी. ओकच्या उघड्या फांदीवर तो मला दुर्बिणीतून दिसतही होता, मान लांब करून ओरडताना. झाड उतारावर होतं, धारेच्या थोडं खाली. डोंगरातले टर्की रातथारा बहुधा असाच निवडतात. वरच्या बाजूला पंख पसरले की जवळजवळ सपाटीत तरंगत जमिनीवर उतरता येतं, आणि खालच्या बाजूला सगळी घळ नजरेखाली राहते.

दुसरी चूक मी इथे केली, घाईने. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून शिकारीची वेळ सुरू होते, आणि व्हर्जिनियात वसंतातल्या हंगामाच्या पहिल्या आठवड्यांत ती दुपारी बाराला संपते. घड्याळ डोक्यात वाजत होतं. काडतुसं काढून बंदूक रिकामी केली, घळ उतरलो, ओढा ओलांडला, आणि उजवी सोंड चढून त्याच्या खाली दीडशे यार्डांवर एका जाड चेस्टनट ओकला पाठ टेकून बसलो. खांद्यांपेक्षा रुंद झाड निवडायचं, हा नियम मोडत नाही. मागून कुणी दुसरा शिकारी आपल्याच आवाजावर चालून आला तर ते खोडच आपल्याला वाचवतं. अंगावर लाल, पांढरं, निळं काही ठेवायचं नाही, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच. भावाच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण लाल होतं, ते मी आदल्या रात्रीच गाडीत काढून ठेवायला लावलं होतं.

स्लेट कॉल, म्हणजे काडीने घासून टर्कीचा आवाज काढायची छोटी पाटी, मांडीवर धरला आणि मादीसारखं हळू आवाजात बोलावलं. त्याने लगेच उत्तर दिलं. पुन्हा बोलावलं, पुन्हा उत्तर. सव्वासहा ते सात या वेळात त्याने मला वीसेक वेळा उत्तर दिलं आणि एक पाऊलही खाली टाकलं नाही. साडेसहाला पंखांचा आवाज झाला, आधी एक, मग आणखी तीन. झाडावर त्याच्यासोबत माद्या होत्या. सगळे वरच्या अंगाला उतरले. नंतरचे त्याचे आवाज पदरावरून आले, मग धारेजवळून. सात वाजून दहा मिनिटांनी सगळं शांत झालं.

भावाने विचारलं, “दादा, तो खाली का नाही आला? उत्तर तर देत होता.”

हा प्रश्न या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबतो.

टर्कीमध्ये नर साद घालतो, पिसारा फुलवतो, आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. आपण मादीचा आवाज काढतो तेव्हा त्याच्याकडून उलट वागण्याची अपेक्षा करत असतो. जवळ माद्या असताना तो ते का करेल? त्यात आम्ही खाली होतो. वरून त्याला आमचं झाड, आमच्या बाजूची जमीन, सगळं उघडं दिसत होतं. या पक्ष्याला वास फारसा येत नाही, पण नजर जबरदस्त. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, रंग दिसतात, आणि मान जराशी वळवली की चौफेर दृष्टी. आवाज ज्या जागेवरून आला ती जागा त्याला वरून दिसते आणि तिथे मादी दिसत नाही, मग तो थांबतो. त्याने थांबायलाच हवं. इतकी वर्षं तो त्यामुळेच जगला आहे.

जुने शिकारी सांगतात की टर्कीला चढावर किंवा सपाटीवर बोलवावं, उतारावर नाही. कधी येतो उतरूनही, मी ऐकलं आहे. पण उंचीपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आवाजाची जागा त्याला बंदुकीच्या टप्प्यात आल्याशिवाय दिसता कामा नये. डोंगरात हे साधता येतं, मैदानात अवघड. सोंडेचं वळण, पदराची कड, खिंडीचा उंबरठा, यांच्या पलीकडे काय आहे ते बघायला त्याला तिथपर्यंत यावंच लागतं. मी चांगलं बोलावत होतो की वाईट, हा प्रश्न त्या सकाळी गौण होता. आम्ही बसलो कुठे, यावर सगळं ठरणार होतं.

अजून एक गोष्ट आमच्या बाजूने होती. एप्रिलअखेर माद्या अंडी घालत असतात, साधारण दिवसाला एक, दहा-बारा अंडी होईपर्यंत. अंडं घालायला मादी घरट्याकडे निघून जाते. पहाटे माद्यांच्या घोळक्यात असलेला नर नऊ-दहाच्या सुमाराला एकटा पडतो. बरेच शिकारी आठला नाश्त्याला जातात, आणि नेमका तेव्हाच खरा मोका सुरू होतो.

मग आम्ही वळसा घ्यायचं ठरवलं. त्याच्या मागे सरळ सोंडेवरून चढून जाणं सोपं होतं, पण धारेवर आकाशाच्या पार्श्वभूमीवर हललेला माणूस त्याला लगेच दिसला असता. उत्तरेकडच्या पेनसिल्व्हेनियात तर टर्कीवर दबकत चालून जायला कायद्यानेच मनाई आहे. बोलवायचं, आला तर आला. व्हर्जिनियात असतानाही मी तेच पाळतो, कारण दबकत जाणाऱ्या माणसाला दुसरा शिकारी टर्की समजू शकतो. आम्ही सोंडेच्या उत्तर अंगाला उतरलो, दुसऱ्या घळीतून सातशे फूट चढलो आणि धार ओलांडून तिच्या पश्चिम उतारावर गेलो. आता डोंगर आमच्या आणि त्याच्या मधे होता. तिथून खिंडीकडे मोकळेपणाने चालता आलं.

चढ वाईट होता. ओकची गेल्या वर्षीची पानं चढावर सारखी पायाखालून सरकतात, खाली सुटे दगड. भाऊ सह्याद्रीत वाढलेला, न बोलता चढत होता. एका उन्हाच्या खडकावर टिंबर रॅटलस्नेक पडलेला दिसला, सुस्त, बहुधा नुकताच हिवाळी बिळातून निघालेला. त्याला लांबून वळसा घातला.

नऊच्या सुमाराला खिंडीत पोहोचलो. तिथे वन खात्याने राखलेली एक छोटी मोकळी जागा आहे, त्यात क्लोव्हर नावाचं तिपानी गवतासारखं खाद्य पेरलेलं. कडेची पानं ताजी उकरलेली होती, उकरलेल्या मातीचा ओलेपणा अजून सुकला नव्हता. बाजूला विष्ठा, इंग्रजी जे अक्षरासारख्या बाकाची. नराची अशीच असते, मादीची गोळा होऊन पडते. मी ते बघितलं, मनात नोंद केली, आणि पुढे निघालो. त्याकडे परत येईन.

खिंडीच्या खालून पदर सुरू होतो आणि उजव्या सोंडेच्या नाकाला वळसा घालून पलीकडे जातो. आम्ही पदरावर उतरलो आणि नाकाच्या अलीकडे, वळणापासून तीसेक यार्डांवर, आतल्या उताराला पाठ लावून बसलो. पलीकडचं काहीच दिसत नव्हतं, आणि तेच हवं होतं. वीस मिनिटं नुसतं ऐकलं. नऊ चाळीसला मी दोन-तीन मऊ यल्प, म्हणजे मादीच्या हाका, काढले.

वळणाच्या पलीकडून त्याने साद दिली. जवळून. छातीत हादरा बसावा इतक्या जवळून.

मी कॉल खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. हे मला सगळ्यात अवघड गेलं. तो ओरडत राहिला, मी गप्प. दहा मिनिटांनी तोही गप्प झाला. मग अर्धा तास काहीच नाही. भाऊ नाकावर बसलेली गोचीड हात न हलवता सहन करत होता. मी डोळ्यांनीच ‘थांब’ म्हणालो.

दहा वाजून वीस मिनिटांनी आधी एक घुमारा ऐकू आला. कानापेक्षा अंगाला जाणवणारा, लांबच्या रस्त्यावर ट्रक चालू ठेवून उभा असावा तसा. पिसारा फुलवून उभा असलेला नर असा घुमतो. नंतर वळणावर पिसाऱ्याची कड दिसली, तपकिरी पंख्यासारखी. मग डोकं, पांढरट, कडेला निळं. तो सोंडेच्या नाकावर उभा होता आणि त्याच्या मागे नुसतं आकाश होतं, घळीवरचं.

तीस यार्ड. बंदूक गुडघ्यावर तयार. मी चाप ओढला नाही. कारणं दोन. वसंतात व्हर्जिनियात फक्त दाढी असलेला टर्की मारता येतो, आणि उजेड समोरून असल्याने छातीवरची दाढी दिसत नव्हती. ही दाढी म्हणजे केसांसारख्या राठ पिसांचा झुपका, वर्षाच्या नराला तीन-चार इंच, मोठ्याला नऊ-दहा इंच. दुसरं, मागे आकाश असेल तर छर्रे कुठे जातील ते मला माहीत नसतं. पलीकडच्या सोंडेवर आणखी कुणी बसला असेल तर? मैदानात हा प्रश्न सहसा कमी येतो, डोंगरात दर वळणावर येतो.

तो मिनिटभर तिथेच उभा राहिला. पिसारा मिटला. मला वाटलं गेला. मग तो चार पावलं आत आला, पदरावर, उन्हात. आता त्याच्या मागे सोंडेचा मातीचा उतार होता आणि छातीवरून दाढी लोंबत होती, भावालाही दिसली असेल इतकी स्पष्ट. मी मानेच्या मुळाशी नेम धरला. आडव्या उतारावर बसलं की गाल बंदुकीच्या दस्त्यावरून नकळत उचलला जातो आणि बार वरून जातो. मागच्या वर्षी माझा एक असाच गेला होता. या वेळी गाल दाबून ठेवला. बार केला.

तो जागीच कोसळला, पण शेवटची पंखांची फडफड त्याला पदराच्या कडेवरून खाली घेऊन गेली. साठ यार्ड गडगडत लॉरेलच्या जाळीत. भाऊ उठून धावणार तेवढ्यात मी त्याला धरला. आधी बंदूक रिकामी, मग उतार. जाळीतून पक्षी काढायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली, हात ओरबाडून निघाले. जागेवरून हलवण्याआधी परवान्यावरचा टॅग खाचून घेतला, नंतर फोनवर नोंद केली. उतरताना पक्षी नारिंगी कापडात गुंडाळून पाठीवर घेतला, म्हणजे दुसऱ्या कुणाला तो चालता टर्की वाटू नये.

साडेअठरा पौंड. दाढी साडेनऊ इंच. पायाचा काटा इंचाहून थोडा मोठा, म्हणजे वय तीनच्या आसपास.

गाडीपाशी बसून पिसं काढली. पाय वेगळे ठेवले, त्यातल्या शिरा इतक्या चिवट असतात की तीन-चार तास मंद आचेवर खोबऱ्या-कांद्याच्या वाटणात शिजवल्याशिवाय उपयोग नसतो. मग गळ्याखालची अन्नाची पिशवी उघडली. हे मी दर वेळी करतो. तळहातावर रिकामी केली: ओकच्या फळांचे तुकडे, एक भुंगेरा, फर्नची कोवळी टोकं, आणि बाकी सगळं क्लोव्हर. हिरवंगार, न पचलेलं, मूठभर.

भाऊ बघत राहिला. “दादा, हे तर वरच्या खिंडीतलं.”

त्या सोंडेवर, पदरावर, धारेवर दुसरीकडे कुठेही आम्हाला क्लोव्हर दिसलं नव्हतं. म्हणजे झाडावरून उतरल्यावर नर माद्यांसोबत सरळ खिंडीत गेला, तिथे चरला, आणि माद्या घरट्यांकडे निघून गेल्यावर पदरावर परत आला. पहाटे आम्ही तळातून घळ ओलांडत होतो तेव्हा त्याची वाट ठरलेली होती, आणि ती वर जात होती. 250 नंबरच्या रस्त्यावरून धारेची पायवाट खिंडीपर्यंत सपाटीने येते, अंधारात चालायला चाळीस मिनिटं. त्या वाटेने साडेपाचला खिंडीखाली बसलो असतो तर एकही घळ ओलांडावी लागली नसती.

मी नकाशा उघडला आणि खिंडीच्या खाली, पदर सुरू होतो तिथे, खूण केली. भावाने क्लोव्हरची तीन पानं कागदात घडी करून खिशात ठेवली.